मस्तानी : पडद्यावरची आणि दप्तरातली

इतिहासावरचा चित्रपट पाहून परतलेल्या मराठी घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हे खरेच असे घडले का हो?" संजय लीला भन्साळी यांचा 'बाजीराव मस्तानी' १८ डिसेंबर २०१५ रोजी प्रदर्शित झाला आणि आम्हां माळव्यातील मराठी मंडळींवर हा प्रश्न दोन दिशांनी येऊ लागला. घरात मुलेबाळे विचारीत, घराबाहेर हिंदी भाषक शेजारी विचारीत. शेजाऱ्यांच्या विचारण्यात किंचित खोचकपणाही असे. तुमच्या पेशव्याने एवढी मैदाने मारली आणि तुमच्याच पुण्याने त्याला घरात सुखाने नांदू दिले नाही, हे काय गौडबंगाल? आमच्या शाळेत तर इतिहासाचा तास मौर्यांचा असो की मोगलांचा, मागच्या बाकावरून मस्तानीचे नाव निघाल्यावाचून राहात नसे.

त्या गोष्टीस आता बरीच वर्षे लोटली. तरी दूरचित्रवाणीवर तो चित्रपट अधूनमधून लागतो आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न पुन्हा पुढे येतो. इतिहास हा आमच्या परीक्षेचा विषय नव्हे. आम्ही मराठी वाङ्मयाचे विद्यार्थी. परंतु हा चित्रपट ज्या ग्रंथावरून घेतला आहे ती ना. सं. इनामदार यांची 'राऊ' ही कादंबरी १९७२ साली आली आणि मराठी घरांतून ती किती आवडीने वाचली गेली, हे जाणत्या वाचकांस सांगावयास नको. मस्तानीचा सामान्य मराठी माणसाच्या मनातील चेहरा आजही बहुतांशी त्या कादंबरीने रेखाटलेला आहे. म्हणून कादंबरी, चित्रपट आणि दप्तरातील कागद ही तिन्ही समोर ठेवून काही लिहावे, असे मनात आले.

प्रथम चित्रपटाविषयी. तो डोळे दिपविणारा आहे, यात संशय नाही. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट दिग्दर्शनाचा मान भन्साळींना मिळाला, आणि राधाबाईंची भूमिका करणाऱ्या तन्वी आझमी यांना साहाय्यक अभिनेत्रीचा. तन्वी आझमी या आपल्या उषा किरण यांच्या कन्या. या भूमिकेसाठी त्यांनी खरोखरीच केशवपन केले होते. पडद्यावर त्या नुसत्या उभ्या राहिल्या तरी वाड्यातला वारा थांबल्यासारखा वाटतो. रणवीर सिंग यांचा बाजीराव हिंदी बोलतो, पण मधूनमधून मराठी शब्दांची पेरणी करून. आम्ही इंदूरकर मराठी बोलताना निम्मे हिंदी शब्द वापरतो, म्हणून पुणेकर पाहुणे आम्हांला हसतात. येथे तर खुद्द पेशवेच आमच्या पंगतीला येऊन बसलेले पाहून आम्हांस अंमळ बरे वाटले!

वैभवाचा मात्र अतिरेक झाला आहे. शनिवारवाड्याचा पाया १७३० च्या जानेवारीत घातला गेला आणि १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. त्या बांधकामास १६,११० रुपये खर्च आल्याची नोंद आहे. ही रक्कम त्या काळी लहान नव्हे, तरी पडद्यावरचे ते आरशांचे महाल आणि झुंबरे त्यात बसण्यासारखी नाहीत. वाड्याचे मजले पुढे नानासाहेबांच्या आणि त्यानंतरच्या अमदानीत चढले आणि १८२८ च्या आगीत सारे भस्मसात झाले. घोड्याच्या पाठीवर ज्याचे आयुष्य गेले त्या बाजीरावाचे घर दिल्लीच्या बादशहासारखे दाखविण्याने दृश्याला शोभा आली. पण शिपाईगड्याचे बेताचे घर आणि दिल्लीच्या वेशीपर्यंत पोचलेली त्याची दौड यांतील जो विलक्षण विरोध, तो मात्र हातचा गेला.

'पिंगा' या गाण्यावरून त्या वेळी मोठेच वादळ उठले होते. पेशव्यांच्या दोन स्त्रिया सर्वांदेखत नाचतील कशा, हा आक्षेप बरोबरच होता. मंगळागौरीचा खेळ घरच्या माजघरातला. तो असा रंगमंचावर आणलेला पाहून आमच्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी पदर सावरला. परंतु या एका गाण्यावर इतकी शाई सांडली की चित्रपटाने त्याहून महत्त्वाच्या जागी काय केले, हे पाहावयाचे राहूनच गेले.

ती जागा अशी. पेशवाईत सरदाराने कलावंतीण बाळगणे ही नवलाची गोष्ट नव्हती. नाटकशाळा हा शब्द त्या काळच्या कागदपत्रांत सहज येतो. तो उच्चारताना लिहिणाऱ्याची लेखणी अडखळत नाही. बाजीरावांनी मस्तानीस नाटकशाळा म्हणून कोठे तरी बागेत ठेवून दिले असते, तर पुण्याच्या ब्रह्मवृंदाने डोळे मिटून घेतले असते आणि आज तिचे नावही कोणास ठाऊक नसते. परंतु त्यांनी तिच्यासाठी वाड्यातच जागा केली. तिला पाबळ, केंदूर व लोणी या गावांचे उत्पन्न लावून दिले. तिच्या पोटी मुलगा झाला तेव्हा त्याची मुंज लावून त्याला ब्राह्मण करावे, असा त्यांचा मानस होता. प्रेम कोणास खुपले नव्हते. तिला दिलेला मान खुपला. सारे राजकारण पेटले ते या मानावरून.

चित्रपटाने हे मर्म निम्मे तरी ओळखले आहे. मस्तानी पुण्यास येते तेव्हा राधाबाई तिला कलावंतिणींच्या वस्तीत उतरवितात. तिला तिची पायरी दाखवून देण्याची ही रीत अगदी त्या काळाला साजेशी आहे. तिकडे मस्तानी म्हणते की बाजीरावांनी आपली कट्यार तिला दिली, आणि बुंदेलखंडात कट्यार दिली म्हणजे लग्न लागले. ही कट्यारीची कथा चित्रपटाची. तथापि राजपुतांत खड्गाशी लग्न लावण्याची चाल होती, तेव्हा ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. एकाच स्त्रीला पुणे नाटकशाळा म्हणते आणि ती स्वतःला पत्नी म्हणते. जोवर हा झगडा या दोन शब्दांमधला आहे, तोवर चित्रपट चढत जातो. पुढे मात्र त्याला झगड्याहून विरहगीते अधिक प्रिय होतात.

मस्तानी होती कोण? मोहंमदखान बंगशाने बुंदेल्यांचा वृद्ध राजा छत्रसाल याला जैतपुराजवळ कोंडले, त्याने बाजीरावांचा धावा केला आणि १७२९ च्या मार्चमध्ये बाजीराव धावून गेले, इथपर्यंत सर्व एकमत. मस्तानी ही छत्रसालाची यवन उपस्त्रीपासून झालेली कन्या, असे एक परंपरा सांगते. छत्रसाल हा प्रणामी पंथाच्या प्राणनाथांचा शिष्य. त्या पंथात हिंदू-मुसलमान भेद मानीत नसत, तेव्हा अशी कन्या त्याच्या घरी सन्मानाने वाढली असणे शक्य आहे. दुसरी परंपरा तिला नर्तकी म्हणते. चित्रपटाने पहिली उचलली आणि तिच्या हाती तलवारही दिली. ती घोड्यावर बसण्यात व गाण्यात निपुण होती असे बखरी सांगतात. परंतु बखरी पुष्कळ नंतरच्या आणि रसाळ वर्णनाचा त्यांना मुळातच सोस.

भरवशाच्या कागदांत तिचे नाव प्रथम येते ते १७३० च्या जानेवारीत, नानासाहेबांच्या लग्नाच्या प्रसंगाने. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, त्यांत बाजीरावांच्या घरच्या कागदांनाही स्वतंत्र जागा आहे. त्या कागदांत इतरांनी तिच्याविषयी लिहिलेले सापडते. तिने लिहिलेली एक ओळही त्यांत नाही. दहा वर्षे ती पुण्याच्या राजकारणाच्या केंद्राशी राहिली, आणि तिचा स्वतःचा शब्द एकही उरला नाही! कादंबरीकाराला आणि चित्रपटकाराला तिच्या तोंडी शब्द घालण्याचा अधिकार पोचतो तो या मौनामुळेच, असे आम्हांस वाटते. तक्रार एवढीच, की दीपिका पदुकोण यांच्या मस्तानीला भन्साळींनी जरा जास्तच शब्द दिले. तिची प्रत्येक ओळ टाळ्यांसाठी घडविलेली. ज्या दृश्यात ती गप्प बसून राधाबाईंकडे पाहते, तेथेच ती आम्हांस अधिक खरी वाटली.

आता कागदांतील सर्वांत जीवघेण्या भागाकडे वळू. १७३४ साली बाजीरावांना दोन पुत्र झाले. काशीबाईंच्या पोटी रघुनाथराव, म्हणजे पुढचे राघोबादादा. आणि मस्तानीच्या पोटी कृष्णराव, जो पुढे समशेर बहादूर म्हणून ओळखला गेला. दोघे एकाच वयाचे. १७४० च्या फेब्रुवारीत रघुनाथरावांची मुंज आणि चिमाजी अप्पांचे पुत्र सदाशिवराव यांचे लग्न अशी दोन कार्ये पुण्यात निघाली. राव मस्तानीस सोडीत नाहीत, तोवर ते हजर असलेल्या कार्यात आम्ही येणार नाही, असा ब्रह्मवृंदाचा हट्ट. एका मुलाची मुंज वाजतगाजत लागते आहे. त्याच वयाच्या दुसऱ्याला ती नाकारलेली आहे आणि त्याची आई त्याच गावात पहाऱ्यात आहे. यापुढे कोणत्या पटकथाकाराने आणखी काय रचावे? चित्रपटात दोन्ही जन्म शेजारी शेजारी येतात. मुलास कृष्णराव हे नाव लाभू द्यावयास ब्राह्मण नकार देतात तेव्हा बाजीराव त्याला समशेर बहादूर ठरवितात, तेही प्रभावीपणे येते. परंतु दोन मुलांच्या त्या मुंजीपाशी कॅमेरा थांबावयास हवा होता. तो तेथून पुढे निघून गेला, ही या चित्रपटातील सर्वांत मोठी उणीव आम्ही समजतो.

कैदेचे प्रकरण पाहा. ज्या चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात वसई घेतली, तेच त्या वर्षाच्या अखेरीस एका स्त्रीला कोठे ठेवावे या विवंचनेत होते. सोबतीला एकोणीस वर्षांचे नानासाहेब. नोव्हेंबरात मस्तानी पहाऱ्यातून निसटली आणि पाटस येथे बाजीरावांकडे जाऊन पोचली. नंतर ती पुन्हा पुण्यास आली. बाजीराव निजामाचा मुलगा नासिरजंग याच्यावर चालून गेले, आणि घरधनी मोहिमेवर असताना पर्वतीच्या बागेत तिच्यावर पहारा बसला. साताऱ्यास शाहू महाराजांचे मन काय, याचीही विचारणा झाली. तिला कैद करून रावांस दुखवावे हे महाराजांना मान्य नव्हते, असे जानेवारी १७४० मधील चिटणिसांच्या पत्रावरून दिसते. म्हणजे छत्रपतींचा कौल नसताना पेशव्यांच्या धाकट्या भावाने आणि मुलाने हे केले.

का केले? चित्रपट उत्तर देतो : राधाबाईंचा हट्ट आणि नानासाहेबांचा राग. हे उत्तर आम्हांस अपुरे वाटते. राधाबाई ही नुसती सोवळी म्हातारी नव्हे. १७३५ साली त्या काशीयात्रेस निघाल्या तेव्हा उत्तरेतील राजेरजवाड्यांनी त्यांचे आदरातिथ्य केले, आणि जैतपूरला ज्याच्याशी त्यांचा मुलगा लढला त्या बंगशानेही त्यांना सुखरूप पोचविण्याची व्यवस्था केली. ती यात्रा म्हणजे राजनीतीच होती. पेशव्याचे घर म्हणजे काय आणि त्याची अब्रू बाजारात काय भावाने विकली जाते, हे त्या माउलीला पुरते ठाऊक होते. पेशवेपद अजून कायमचे झालेले नव्हते. ते छत्रपतींच्या मर्जीवर होते. १७३१ मध्ये डभईच्या रणात खुद्द मराठ्यांचे सेनापती त्रिंबकराव दाभाडे पेशव्यांशी लढताना पडले होते, आणि ती जखम साताऱ्यात कोणी विसरले नव्हते. अशा वेळी पेशव्यांच्या मुलांच्या लग्नामुंजींना ब्राह्मणच मिळत नाहीत अशी बातमी पसरणे, म्हणजे शत्रूच्या हाती कोलीत देणे. चिमाजी अप्पा घाबरले ते या कोलिताला, असा आमचा तर्क आहे. त्यामुळे त्यांचे कृत्य योग्य ठरत नाही. पण ते समजते. चित्रपटात ते समजत नाही. तेथे सासर वाईट आणि सून चांगली, एवढ्यावर भागते, आणि असे चित्रपट आपण वर्षाला दहा पाहतो.

याच चिमाजी अप्पांनी पुढे काय लिहिले, तेही ध्यानात घेतले पाहिजे. फेब्रुवारीच्या अखेरीस मुंगी-पैठणचा तह होऊन नासिरजंगाकडून हंडिया आणि खरगोण हा मुलूख मिळाला. मार्चमध्ये दोघे भाऊ परस्परांपासून निघाले. त्यानंतर अप्पांनी नानासाहेबांना लिहिलेल्या पत्रात रावांच्या मनाला स्वस्थता नाही, त्यांची समजूत आपण घातली पण ईश्वरी इच्छा निराळी दिसते, आता पुण्यास गेल्यावर तिला त्यांच्याकडे पाठवून द्यावे, असा आशय आहे. पहारा बसविणाराच पहारा उठविण्याच्या विचारात पडला होता! हे एक पत्र पटकथाकाराच्या हाती लागावयास हवे होते. त्याऐवजी पडद्यावर बेड्या आहेत, अंधारकोठडी आहे, आणि नर्मदेच्या पाण्यात भ्रमाने तलवार फिरविणारा बाजीराव आहे.

अप्पांचा विचार कृतीत यावयाचा राहिला. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीस बाजीरावांचा अंत झाला. वय अवघे चाळीस, तेही पुरे नाही. काशीबाई तेथे होत्या, धाकटा मुलगा जनार्दनही होता. मस्तानी पुण्याकडेच राहिली आणि पाठोपाठ वारली. विष घेतले म्हणतात, शोकाने गेली म्हणतात. नक्की सांगणारा कागद नाही. पाबळला तिची कबर आहे. चित्रपटाने दोघांचे प्राण एकाच क्षणी सोडविले. त्यास आमची हरकत नाही. काव्यात एवढे चालते.

काशीबाईंविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. प्रियांका चोप्रा यांनी त्या भूमिकेचे सोने केले. नवऱ्याला आपल्या महालाचे दार यापुढे बंद म्हणून सांगणारी काशी चित्रपटभर मस्तानीवर मात करते. खऱ्या काशीबाईंच्या वाट्याला त्याहून अवघड काम आले. बाजीरावांच्या मागे समशेर बहादूरचा सांभाळ त्यांनी केला असे सांगतात. नवऱ्याच्या त्या मुलाला पेशव्यांच्या घरात जेवूखाऊ घालून, शस्त्र शिकवून मोठे केले गेले. मुंज नाकारणाऱ्या पुण्यात हेही घडले, आणि पडद्यावर मात्र त्यास जागा मिळाली नाही, कारण नायक-नायिका मेल्यावर चित्रपट संपतो.

आमच्या मते खरी कथा तेथून पुढे आहे, आणि ती आम्हां बाहेरच्या मराठी लोकांच्या विशेष जवळची आहे. छत्रसालाने आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा बाजीरावांना दिला. सागर, जालौन, झाशीकडे आजही जी मराठी घराणी आहेत, ती त्या हिश्श्याच्या वाटेने गेलेली. होळकर, शिंदे माळव्यात स्थिरावले तेही याच बाजीरावांच्या मोहिमांत. आमचे पूर्वज पुण्याकडून उत्तरेस आले. त्याच सुमारास ती उत्तरेकडून पुण्यास गेली. आम्हांला येथे दोन-अडीचशे वर्षे झाली, येथील लोकांनी सामावून घेतले. तिला दहा वर्षे मिळाली.

समशेर बहादूर १७६१ मध्ये पानिपतावर भाऊसाहेबांबरोबर लढला. हे भाऊसाहेब म्हणजे ज्यांच्या लग्नात समशेरच्या आईचे नाव काढणे वर्ज्य होते, तेच सदाशिवराव. त्या रणातून तो जखमी होऊन निघाला आणि भरतपूरच्या सूरजमल जाटाच्या मुलखात वारला, वय सत्तावीस. त्याचा मुलगा अलीबहादूर बुंदेलखंडात गेला, बांद्याची नबाबी त्याने उभी केली आणि १८०२ मध्ये कालिंजरच्या वेढ्यात तो मेला. म्हणजे मस्तानीचा नातू आजीच्या मुलखात मराठ्यांचा सरदार म्हणून परतला होता. पुढे त्याचाच नातू दुसरा अलीबहादूर १८५७ च्या उठावात उतरला. १८५८ मध्ये बांदा पडल्यावर इंग्रजांनी त्याची नबाबी घेतली आणि नेमणूक बांधून त्याला आमच्या इंदुरास आणून ठेवले. मस्तानीचा हा खापरपणतू येथे राहिला.

वाचकांपैकी अनेक कुटुंबे दरवर्षी ओंकारेश्वरास जातात. तेथून सनावदमार्गे रावेरखेडी फार लांब नाही. समाधी नर्मदेच्या काठीच आहे. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी सकाळी लवकर निघावे आणि पाण्याची सोय बरोबर ठेवावी.